उरलेली ओळ

पडद्यावरच्या हजारो ओळी बघता बघता नाहीशा झाल्या, एकच उरली, आणि वर्गात हशा पिकला. मलाही हसू आलं. नवशिक्यांना सर्व्हेचा डेटा शिकवायचा म्हणजे सुरुवातीचे दिवस नुसते त्यांची भीती घालवण्यात जातात. माउस असा धरतात की चुकून दाबला गेला तर छप्पर खाली येईल. एकेकाच्या मागे उभं राहून सांगावं लागतं, अहो, काही बिघडत नाही, मूळ फाइल माझ्याकडे सुखरूप आहे, तुम्ही बिनधास्त दाबा. मग कधीतरी फिल्टर शिकवायची वेळ येते. अट घातली की नको त्या ओळी बाजूला होतात, हव्या तेवढ्याच राहतात, आणि तेव्हा कुठे त्यांचे चेहरे खुलतात. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. पुढच्या बाकावर दवाखान्यातली एक नर्स होती, तिला सगळे सिस्टर म्हणत. तिच्या शेजारी वाहतूक खात्यातला एक कारकून, ज्याला वर्गाने पहिल्याच तासाला शंकासुर हे नाव देऊन टाकलं होतं. शंकासुराने हात वर केला. "मॅडम, एक अट घातली, ओळी कमी झाल्या. दुसरी घातली, अजून कमी झाल्या. मग आपण घालतच गेलो तर?" मी म्हटलं, करून बघू की, सिस्टर, तुम्ही टाइप करा. आणि सुचेल तसं सांगत गेले. बाई घ्या. वय अडतीस. शिक्षण एम. ए.च्या पुढे. पूर्वी नोकरी करत होती, आता करत नाही. नवऱ्याचा स्वतःचा धंदा. मुलं दोन, आणि तीही जुळी. दर अटीला ओळी भराभर गळत गेल्या आणि शेवटी एक राहिली. "सापडली की हो!" मागून कुणीतरी ओरडलं.

सिस्टरने, कुणी सांगितलेलं नसताना, ती ओळ उजवीकडे सरकवायला सुरुवात केली. फाइल कुटुंबांच्या आरोग्याच्या सर्व्हेची होती. नावं, पत्ते कधीच काढून टाकलेले असतात, उरतात ती नुसती उत्तरं. सिस्टर एकेक रकाना वाचत गेली, दवाखान्यात केसपेपर वाचावा तशा आवाजात. झोप नीट लागते का, नाही. डोकं दुखतं का, वारंवार. घरात कुणाची भीती वाटते का, हो. हे कुणाला सांगितलं आहे का, नाही. तिथे ती थांबली. हसणंही थांबलं. पंख्याचा आवाज होता, तो एकदम मोठा झाला. शंकासुर हळूच म्हणाला, "मॅडम, ही बाई कोण?" मी म्हटलं, "ते शोधायचं नाही." आणि मग सवयीने पुढचं सगळं बोलले. आपल्या धंद्यातला हा सगळ्यात मोठा नियम, लोकांनी आपल्यावर विश्वास टाकून उत्तरं दिलेली असतात, ओळ म्हणजे माणूस नव्हे, आपल्याला माणसं बघायची नाहीत, समूह बघायचा. हे मी इतक्या वर्गांत बोलले आहे की तोंड आपोआप चालतं. तोंड चालू असतानाच माझ्या लक्षात आलं की मी दिलेल्या त्या सगळ्या अटी म्हणजे आमची बारकी होती.

बारकी माझी धाकटी बहीण. तिचं खरं नाव आमच्या घरात कुणी वापरलंच नाही. आमच्या दोघींत बारा वर्षांचं अंतर, त्यामुळे मी तिची बहीण कमी आणि आई जास्त, आणि आई गेल्यावर तर तेवढंही कमी-जास्त उरलं नाही. उदाहरण द्यायची वेळ आली की माणूस घरातलंच देतो. माझ्या घरात मी एकटी, तेव्हा माझं घर म्हणजे तीच. समजा एक बाई आहे, म्हटलं की माझ्या तोंडून बारकीचं वय येतं, बारकीची नोकरी येते, इतक्या वर्षांत माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. चहाची सुट्टी झाली. सगळे बाहेर गेले. कॉरिडॉरमधून चमचे, हसणं, कुणाचा तरी फोन ऐकू येत होता, आणि मी पडद्यासमोर उभी होते. ती ओळ तशीच होती. माझ्या विषयाने मला जे शिकवलं ते सगळं मला त्या वेळी येत होतं. सर्व्हेत शंभरातलं एक घरसुद्धा निवडलेलं नसतं. या अटींत बसणाऱ्या बायका एवढ्या मोठ्या लोकसंख्येत कितीतरी असणार. त्यातली नेमकी आपलीच सापडली असं एखाद्या विद्यार्थ्याने म्हटलं असतं तर मी त्याची चांगली हजेरी घेतली असती. हे सगळं कळत होतं आणि हात कीबोर्डकडे जात होता. विभागाचा रकाना फाइलमध्ये होता. बारकी चौथ्या विभागात राहते. मी अट घातली. ओळ गेली नाही. खुर्ची मागे आहे असं समजून मी बसले आणि खरोखरच मागे खुर्ची होती म्हणून निभावलं.

मेव्हण्यांचं चष्म्याचं दुकान आहे. मी ज्यातून तो पडदा बघत होते तो चष्माही त्यांनीच केलेला. बारकीशी लग्न झाल्यापासून त्यांनी मला दुसरीकडे कधी जाऊ दिलं नाही. "ताई, तुमचे डोळे म्हणजे आमची जबाबदारी," असं म्हणतात. स्टुलावर बसवतात, फ्रेम घालतात, मग वाकून दोन्ही कानांच्या मागे बोटांनी चाचपून बघतात, कुठे टोचतंय का, कुठे ढिली आहे का. इतक्या हलक्या हाताचा माणूस मी पाहिला नाही, असं मी चारचौघांत सांगत आले. त्या क्षणी मला कानांच्या मागे ती बोटं जाणवली आणि अंगावर काटा आला. मग जे व्हायचं तेच झालं, एकेक आठवायला लागलं. बारकी हल्ली फोन स्पीकरवर ठेवूनच बोलते. हात कामात असतात म्हणते. काही विचारलं की म्हणते, विचारून सांगते. पूर्वी 'मला आवडत नाही' म्हणायची, आता 'आमच्याकडे आवडत नाही' म्हणते. कॉलेजात शिकवायची ती नोकरी सोडली तेव्हा मला फोनवर सांगितलं, जुळ्यांना वेळ देता येत नाही गं. मुलं तेव्हा शाळेत जायला लागलेली होती, म्हणजे वेळ द्यायचे दिवस उलट संपलेले होते, आणि मी म्हटलं, बरं केलंस. आणि ते जेवण. माझ्याकडे सगळे जेवायला आले होते, बारकीच्या हातून पाण्याचा जग कलंडला. थोडं पाणी, दुसरं काही नाही. पण कुणी बोलायच्या आत ती म्हणाली, "माझंच चुकलं." मेव्हणे हसून म्हणाले, "असू दे, असू दे." आणि सात वर्षांची ती दोन पोरं, एकमेकांकडे न बघता, एकाच वेळी उठली, स्वयंपाकघरातून फडकी घेऊन आली आणि टेबल पुसायला लागली. मी तेव्हा कौतुकाने म्हटलं होतं, काय वळण लावलंय गं मुलांना. हे माझं कौतुक मला आठवलं, माझ्या स्वतःच्या आवाजात, आणि मी पडदा बंद केला.

उरलेला दिवस मी काय शिकवलं ते विद्यार्थ्यांनाच ठाऊक. टक्केवारी शिकवायची होती, शिकवली असावी. मधेच मी त्यांना सांगत होते की आकड्यांत जे शोधायला जाल ते सापडतं, म्हणून आधी प्रश्न ठरवा आणि मग बघा. सांगता सांगता मला वाटलं की हे मी माझ्याशीच बोलतेय. आपणच एक ओळ धरली आणि आता तिच्याभोवती पाण्याचा जग, फडकी, फोन, सगळं गोळा करत चाललोय. बारकी सुखात असेल. चांगला नवरा आहे, घर आहे, पोरं गुणी आहेत. एखाद्या भल्या माणसावर नुसत्या शंकेने असं बालंट घ्यायचं म्हणजे काय, माझं डोकं ठिकाणावर आहे का? असं म्हणून जरा बरं वाटे, की लगेच दुसरीकडून भीती उचल खाई. आणि ती भीतीसुद्धा एक नव्हती. तिला काही होईल ही एक. ते खरं असेल आणि मला इतकी वर्षं कळलं नाही ही दुसरी. आणि तिसरी सगळ्यात लाजिरवाणी, ती मी कुणाला सांगणार नाही असं ठरवलं होतं, पण सांगते. विचारलं आणि ती हो म्हणाली, तर मग मला काहीतरी करावं लागेल, याची भीती. आकडेवाल्यांची जातच अशी. आम्ही मोजून देतो, करायचं ते दुसऱ्यांनी. वर्ग सुटताना सिस्टर म्हणाली, "मॅडम, तुमचा चेहरा उतरलाय. बीपी बघू का?" मी म्हटलं, "छे हो, उन्हाचं." ढग होते.

फोन करण्यात अर्थ नव्हता, स्पीकर. म्हणून मी थेट निघाले. बसमध्ये बसायला जागा होती तरी उभी राहिले. रस्त्यावर दुकानं बंद-उघडी होती, माणसं पिशव्या घेऊन घरी चालली होती, प्रत्येकाच्या घरात एक दार आणि दाराच्या आत एक ओळ, असलं काहीतरी डोक्यात चाललं होतं. मेव्हणे दुकान बंद करून किती वाजता येतात ते मला माहीत होतं, त्याच्या आत जाऊन यायचं होतं. हे असं वेळ साधून जाणं आपण कधीपासून करायला लागलो, हा विचार आला आणि बरोबर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मनातल्या मनात मी मेव्हण्यांना 'तो' म्हणायला लागले होते. तो येईल. तो यायच्या आत. लग्न झाल्यापासून ते 'ते' होते, आणि एका ओळीने त्यांचा 'तो' करून टाकला होता. मला माझीच लाज वाटली. त्यांच्या इमारतीखाली आले तेव्हा मी ठरवून टाकलं की चहा घ्यायचा, पोरांना भेटायचं, आणि काही न विचारता परत फिरायचं.

दार बारकीनेच उघडलं. "अय्या, ताई! आज कशी काय वाट चुकलीस?" आणि माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघितलं. पोरं पुढच्या खोलीत टीव्हीसमोर होती, मावशी म्हणून दोघांनी एकदाच हात हलवला आणि पुन्हा तोंड तिकडे केलं. बारकी मला मागच्या खोलीत घेऊन गेली. पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता, ती घड्या घालत होती. मीही एक टॉवेल उचलला. तिने तो माझ्या हातातून घेतला, माझी घडी मोडली आणि कड कडेला लावून पुन्हा घातली. "तुझं म्हणजे सगळं वरवरचं," ती म्हणाली. ती हसत होती. तिचा रंग चांगला होता, आवाज चांगला होता, हातांवर, मानेवर, मी चोरून बघून घेतलं, कुठे काही नव्हतं. जीव थोडा जागेवर आला आणि नको म्हणता म्हणता मी बोलून गेले.

"काय गं, तुमच्याकडे ते सर्व्हेवाले आले होते का? आरोग्याचे. घरोघरी जाऊन विचारतात ते."

"कधी?"

"मागच्या वर्षात कधीतरी."

"नाही बाई. आमच्याकडे कोण येतंय? खाली वॉचमनच सोडत नाही कुणाला."

"नक्की? तू नसताना?"

"मी कधी नसते?" ती म्हणाली. "दिवसभर घरातच असते की मी. का गं?"

सुटकेनं मी पलंगावर बसलेच. बारकी नव्हती. त्या ओळीतली बाई दुसरीच कुणीतरी होती, कुठल्यातरी दुसऱ्या रस्त्यावरची, दुसऱ्या जुळ्यांची आई, आणि मी दिवसभर स्वतःला उगाच पिळून काढलं होतं. मला हसू यायला लागलं. इतकं हलकं वाटलं की सगळी गंमत तिला सांगितल्याशिवाय राहवेना. शंकासुर कसा शंका काढतो, त्याला उत्तर द्यायला मी कशा तुझ्याच अटी घालत गेले, ओळी कशा गळाल्या, सिस्टर कशी केसपेपरच्या आवाजात वाचत सुटली. आणि पुढचं. भीती वाटते का, हो. कुणाला सांगितलं, नाही. "म्हटलं, मेले आता! चहा सुद्धा गेला नाही बघ घशाखाली. अख्खा दिवस मी त्या बिचाऱ्या मेव्हण्यांना मनात काय काय म्हणून घेतलं!" मी डोळ्यांतलं पाणी पुसत होते, हसून आलेलं.

बारकी हसली नाही. तिच्या हातात पोराचा शाळेचा शर्ट होता, त्याची कॉलर ती पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

"तिने हो म्हटलं?" तिने विचारलं.

"कुणी?"

"त्या बाईने. असं कुणी अनोळखी दारात आलं, विचारलं, आणि तिने हो म्हणून सांगितलं?"

"हो. म्हणजे, तसं लिहिलंय."

"धीट आहे," बारकी म्हणाली. शर्टाची घडी घातली, ढिगावर ठेवली, वरून हाताने दाबली. "मला विचारलं असतं ना, तर मी नाही म्हटलं असतं."

मला आधी ते नीट कळलं नाही. कानांनी फक्त शेवटचा 'नाही' घेतला आणि मन म्हणालं, बघ, नाही म्हणतेय. मग ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा ऐकू आलं. खोली तीच होती, कपडे तेच होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. इतक्या वर्गांना मी तोच रकाना दाखवत आले, त्याच्या आलेखात 'हो'चा खांब बुटका आणि 'नाही'चा एवढा उंच, की पडद्यावर मावावा म्हणून मोजपट्टी बदलावी लागते, आणि दर वेळी मी म्हणते, पाहा, सुदैवाने बहुतेक बायकांना भीती वाटत नाही. तो उंच खांब माझ्या डोळ्यांसमोर आला. त्यात दारात उभ्या राहून 'नाही' म्हणणाऱ्या बायका होत्या, नीट कपडे केलेल्या, हसणाऱ्या, खांद्यावरून जिन्याकडे बघणाऱ्या, आणि त्या सगळ्यांना मी 'सुदैवाने' म्हणत आले होते. बारकी त्या फाइलमध्ये नव्हती. असती तरी मला सापडली नसती. दिवसभर मला जी भीती वाटली ती चुकीच्या ओळीमुळे वाटली होती, आणि ती खरी होती.

"बारके," मी म्हटलं. "कधीपासून?"

तिने मान हलवली. हो नव्हे, नाही नव्हे, नुसती. पुढच्या खोलीतला टीव्ही एकदम बंद झाला. कुणी सांगितलं नव्हतं. पोरांची पावलं ऐकू आली, दप्तरांच्या चेन ओढल्याचा आवाज, खुर्च्या सरकवल्याचा, आणि मग काहीच नाही. आणि त्यानंतर, बऱ्याच वेळाने असं मला वाटलं, पण एखाद मिनिटच असेल, लिफ्टचं दार वाजलं. पोरांना लिफ्ट आमच्या आधी ऐकू आली होती. बारकीने कपड्यांचा ढीग उचलून कपाटात ठेवला, पलंगाची चादर ओढून सारखी केली, मी बसले होते तिथलीसुद्धा, मला जरा उठायची खूण करून. तिचे हात भराभर चालत होते आणि चेहरा मघाचाच होता, दार उघडताना होता तसा, हसरा. मला पळून जावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू, माझी लहान बहीण तिथे उभी होती आणि मला आधी दार कुठे आहे ते आठवलं. कुलूप फिरलं.

"अरे वा! ताईंच्या चपला!" बाहेरून मेव्हण्यांचा आवाज आला, नेहमीसारखा गोड. ते दारात येऊन उभे राहिले. हातात पोरांसाठी काहीतरी आणलेलं होतं. त्यांनी पलंगाकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, मग बारकीकडे. "कधी आलात? आणि हिने मला फोनसुद्धा केला नाही? मी लवकर आलो असतो."

"आत्ताच आली ती," बारकी पटकन म्हणाली. "पाच मिनिटं झाली असतील. निघालीच आहे."

निघालीच आहे. तिने मला वाट करून दिली होती. मी पर्स उचलायची, पोरांच्या गालांना हात लावायचा, आणि उद्या वर्गात जाऊन समूह शिकवायचा. मेव्हणे दारातून बाजूलाही झाले, मला जायला जागा व्हावी म्हणून. मी त्याच पलंगावर, तिने आत्ताच सारख्या केलेल्या चादरीवर, पुन्हा बसले.

"नाही," मी म्हटलं. "मी राहणार आहे."

"वा, वा," मेव्हणे म्हणाले. ते हसत होते. "आजची रात्र?"

"उद्यापण. मग आम्ही सगळे माझ्याकडे जाऊ. ही आणि पोरं."

"असं?" त्यांनी बारकीकडे बघितलं. आवाज अजून तसाच होता, हलका. "तुला जायचंय?"

पलीकडच्या खोलीत पोरं श्वाससुद्धा घेत नसावीत. मी बारकीकडे बघत होते आणि मला तिचं उत्तर माहीत होतं, तिनेच तर सांगितलं होतं. तिचे ओठ त्या शब्दासाठी उघडले. मेव्हणे मान डोलवायलासुद्धा लागले होते.

"हो," ती म्हणाली, इतक्या हळू की मला ते ऐकू आलं नाही, फक्त दिसलं. आणि मग त्यांना दिसलं.